उजळाईवाडीला उतरताना

दिवे मंद केले की कुणीतरी विचारतंच.
आज दोन-सी. दस्तगीर मुल्लाणी, यादीत नाव.
मनगटावर ठिणग्यांचे जुने डाग, जोंधळ्याएवढे.
"पेपर वाचत होतो की ताई, लाइट का घालवला?"
नियम आहे, म्हटलं.
"आणि ही पोरगी झोपलीया, तिची खिडकी कशाला उघडली?"
नियम आहे.

सांगायला वेळ नसतो.
आणि सांगू तरी काय, हैदराबादहून
बिस्किटांचे डबे घेऊन निघालेल्या माणसाला?
की आग कुठल्या अंगाला लागलीय
ते दार उघडायच्या आधी दिसावं लागतं,
म्हणून खिडकी.
की तुमचा मिटलेला ट्रे तुमच्यासाठी नाहीच,
खिडकीकडच्या त्या पोरीसाठी आहे,
तिला तुमच्या गुडघ्यांवरून बाहेर पडायचंय.
तुमची सरळ पाठ
ही तुमच्या मागच्या माणसाची वाट.

मी माझ्या घडीच्या सीटवर बसते,
तोंड तुमच्याकडे, तळहात मांडीखाली.
कडी कुठल्या बाजूला फिरते.
पहिला शब्द कुठला ओरडायचा.
चार-ए मधल्या काठीवाल्या आजींना कोण धरेल.
तीन वर्षं झाली, दिवसातून चार-चार वेळा
हे विमान माझ्या मनात पेटतं
आणि मी सगळ्यांना बाहेर काढते.
घरी आईला वाटतं, मी चहा देते.

खाली उसाच्या काळोखात एका गुऱ्हाळाचा जाळ.
मुल्लाणी त्याच्याकडेच बघत होते, पोरीच्या डोक्यावरून.
मग हळूच म्हणाले,
"शिरोलीला फौंड्रीत होतो मी, एकतीस वर्षं.
रस ओतायच्या आधी वाट झाडून घ्यायची,
साधी फळीबी आडवी नको.
आणि रातपाळीला भट्टीम्होरनं भाईर आलं
की घडीभर ठार आंधळं बघा.
अंधाराची सवय डोळ्याला आधीच लावाय लागती.
त्यासाठीच हे, व्हय?"

व्हय, म्हटलं.
खूप दिवसांनी तोंडून व्हय आलं.

चाकं टेकली. डबे खडखडले सीटखाली.
पोरगी दचकून उठली, "आलं कोल्हापूर?"
मागं पट्टे सुटल्याचे आवाज, टकटक, टकटक,
पावट्याच्या शेंगा सोलाव्यात तसे.
मुल्लाणींचा हात बकलावर गेला,
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
आणि हात परत मांडीवर ठेवला.