नाव भिकन

सिव्हिलच्या बाळंतवॉर्डाबाहेर,
जिथे पेढ्यांचे रिकामे पुडे खिडकीत कोंबलेले असतात,
एक बाकडं आहे. त्याचा एक पाय आखूड.
मंगळवारी, शुक्रवारी मी तिथे बसतो.
सिस्टर मावचींचा फोन आला तर अधल्यामधल्या वारीही.

आत, बाईजवळ, हिराताई असतात.
बाहेर बापाजवळ कोणी नसतं.
बापाजवळ फॉर्म असतो.

आज कापडण्याचा गोकुळ. चोवीस-पंचवीसचा.
चपलांना नांगरटीची काळी माती.
नावाच्या रकान्यात कोणीतरी आधीच लिहिलंय,
'मोनालीचे बाळ',
आणि खाली सहीसाठी फुली.
सोबतची म्हातारी म्हणते, जाऊ दे रे भाऊ,
तरणे आहात, दुसरं होईल.
मी काही म्हणत नाही.
तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, धुळे–साक्री.
मला गर्दीत गप्प उभं राहता येतं.

चुकलोही आहे.
पहिल्याच महिन्यात एका बापाला म्हणून गेलो, देवाची मर्जी.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं,
सुट्टे नाहीत म्हणून मधेच उतरवलेला माणूस पाहतो तसं.
तेव्हापासून ते वाक्य ओठांवर आलं
की मी पाणी पितो.
बाटली त्यासाठीच असते.

बऱ्याच वेळाने विचारलं,
"कितलं वजन व्हतं?"
तो दचकला. हे कोणी विचारलंच नव्हतं.
"दोन किलो आठशे."
मग थांबून,
"केस व्हतात. गच्च."
आणि लांबी दाखवायला त्याने हात पुढे केला,
कोपरापासून बोटांपर्यंत,
तो हात तसाच राहिला.
खाली कुठे ठेवावा, त्याला कळेना.

तुमचं नाव काय, त्याने विचारलं.
भिकन.
माझ्या आधी आईची दोन गेली.
म्हणून मी झालो तेव्हा मला सुपात घालून
शेजारणीच्या दारात ठेवलं,
आणि मूठभर दादर देऊन भीक म्हणून परत आणलं.
हा आमचा नाही, मागून आणलेला.
मरणाला मारलेली थाप, दुसरं काय.
वर्गात पोरं हसायची.
आमच्या गल्लीत दगडू होता, उकर्डू होता, दोन फकिरा होते,
आणि प्रत्येकाच्या पाठीमागे
एक-दोन बिननावाचे.

लेकरं किती, असं कोणी विचारलं
की आई म्हणायची, पाच.
ओट्यावर आम्ही तिघं बसलेलो.
मी चिडायचो. माय, तीन!
ती दळण निवडत असायची, मान वर न करता,
"पाच शेतस."

एस.टी.त पाच वर्षांखालचं लेकरू मोजत नाहीत.
मीही नाही मोजलं.
हजारो असतील, मांडीवरची, कडेवरची,
आईच्या पदराआड घामेजलेली,
एकाचीही नोंद माझ्या हिशेबात नाही.
आता एक वही आहे. तारीख, गाव, वजन.
केस असले तर केस.
घरच्यांनी ठेवलं असेल, तर नाव.

"काका, संगे येशात का?"
हिराताईंनी बाळाला न्हाऊ घातलं होतं,
मोनालीच्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलं होतं.
तिने पाहिलं, पोटभर पाहिलं,
म्हातारी नको नको म्हणत असताना.

फाटकाशी रिक्षावाल्याने विचारलं, दोघंच ना?
गोकुळने मांडीकडे पाहिलं.
"तीन," म्हणाला.
रिक्षावाल्याने आरसा सरळ केला,
मग हात लांब करून गाणं बंद केलं.

पांझरेच्या पुलावर ऊन तापलेलं.
मीठ घ्यायचं राहिलं होतं.
देवपुरात उतरून मी जाड्या मिठाचे दोन पुडे घेतले.
दुकानदार ओळखीचा, हसला,
"काय भिकनराव, लोणचं?"
मी हो म्हटलं.