बुडीत

कबरस्तानाची पश्चिमेकडची भिंत
श्रावणातल्या उधाणात गेली.
मग सुरूची दोन झाडं, मग फेलीसची कबर,
मग तिच्या शेजारच्या जुन्या, ज्यांची नावं
खाऱ्या वाऱ्याने आधीच पुसून नेली होती.
बंधाऱ्याचं टेंडर निघालं म्हणतात.
निघालं ते कुठे गेलं, कोणाला ठाऊक नाही.

शेवटी पाद्री फेर्मिननी मिस्सानंतर सांगितलं:
आपले मेलेले वर न्यायचे, टेंबावर,
काजूच्या जागेत. घरटी एक माणूस, एक कुदळ,
आणि हाडांसाठी जे जमेल ते.

जुवांवने बापासाठी नवी पेटी आणली, पितळी कड्यांची.
रुझारीनने आईसाठी आईचीच लग्नातली ट्रंक.
मी बिस्किटांचा खोका नेला.

सांक्रिस्तांव रोकी कुदळीवर हनुवटी टेकून म्हणाला,
"इजाबेला, तुझ्या घोवाचा काय उचलूचा?
भितर कायेक नाय, तुका म्हायत आसा."

माहीत होतंच. मीच पुरलं होतं:
सांतानचा चौकड्यांचा शर्ट,
जाळं विणायची त्याची सुई,
हातभर जाळं, अर्धं विणलेलं.
होडी सापडली होती निवतीच्या खडकांत.
माणूस नाही.
अकरा वर्षं मेणबत्ती लावली त्या फोंडावर,
मृतांच्या दिवशी, वाऱ्याकडे पाठ करून,
आणि दर वेळी वाटायचं,
रिकाम्या घराला कुलूप घालून राखण करतेय.

रोकीने खणलं.
शर्टाची माती झाली होती. बटणं चार, जशीच्या तशी.
सुई हिरव्या प्लास्टिकची. आणि जाळं
झटकलं तर उद्या पाण्यात टाकावं असं.
"नायलॉनाक मरान नाय," रोकी बोलून गेला,
आणि त्याने जीभ चावली.
मी हसले. खोका पोटाशी धरून
अशी हसले की जुवांवची बायको मला सावरायला धावली.

मी मासे विकणारी बाई. माझ्या वहीत
वेंगुर्ल्याच्या अर्ध्या खानावळी आहेत.
कोण देईल, कोण टाळील, तोंडावरून कळतं.
समुद्राचंही एक पान आहे:
एक नवरा. एक होडी, कर्जाची.
एक रापण, जी ओढायला आता तीस हात जमत नाहीत.
मुलगा दोह्याला असतो;
त्यालाही याच पानावर लिहावं का, ठरत नाही.
सगळे म्हणतात, बुडीत खातं ते, पान फाड.

पण रिकाम्या कबरीपाशी उभी राहिलेली
मी काही पहिली बाई नाही.
एका पहाटे काही जणी सुगंधी तेलं घेऊन गेल्या होत्या,
धोंडा कोण सरकवील याचाच घोर करत,
आणि आत तेल लावायला अंगच नव्हतं.
लहानपणापासून ऐकतेय, दर पास्कूला.
पण त्या आधी घाबरल्या असतील
हे मला कधी सुचलंच नव्हतं.
आनंद नंतर. बऱ्याच नंतर.
घरी पोचून, घोटभर पाणी पिऊन झाल्यावर.

टेंबावर जांभा कठीण.
कुदळ आपटली की ठिणगी.
पण इथून सगळं पाणी दिसतं,
पार निवतीच्या दीपगृहापर्यंत.
खाली सुरूंच्या आड ते कधी दिसत नव्हतं.

खोका ठेवला. सुई तेवढी काढून घेतली;
पुतण्याला हवी होती, त्याची मोडली होती.
रोकी घाम पुसत खड्ड्याकडे बघत राहिला.
"येवढो मोठो कित्याक खणूक लावलंस गो,
एका खोक्याक?"

म्हटलं, असू दे.
माणसाएवढा असू दे.
व्याज नको मला. मुद्दल यायचं आहे.