अठरा फ्रेम

झनकाबाई पुस्तोडे, वय तिलाही नक्की माहीत नाही,
अर्जुनीकडच्या एका कोरड्या बोडीच्या पाळीवर उभी राहून
चॅनलच्या दांडक्यापुढे एकोणचाळीस मिनिटं बोलली.
दाखवली बावीस सेकंद.
त्यातही माझ्या हाताचे आठ टूं.

मी नागपुरात त्याच चॅनलच्या तळघरात बसतो,
कानांवर डबडी लावून लोकांची तोंडं धुतो.
नोकरी आहे. पीएफ आहे.
डेस्कवर झाडीपट्टीचा मी एकटाच,
म्हणून फाइल माझ्याकडे आली:
तुमच्याकडची भाषा आहे रे ही,
काय काय घाण आहे बघून घे.

माझी मोठमाय ती. मी सांगितलं नाही.

ती म्हणत होती,
"दोन बार खंदली मने बोडी. कागदावर.
इथं तं म्हशीचा खूर बी बुडत नाई.
बिल कोनं खाल्लं? त्या..."
इथे पहिला टूं. त्यात वाद नव्हता.
दुसरा इंजिनियरच्या आईबद्दल.
तिसरा खुद्द इंजिनियरबद्दल, तो शब्द तर देशभर चालतो.

मग मागून बेडेकर सर वाकले.
"हे बोडी बोडी काय लावलंय सारखं?"
तलाव, सर. लहान. धानाला पाणी देतात त्याचं.
"असेल. पण ऐकायला कसंतरीच वाटतं.
लोक जेवत असतात तेव्हा. मार."
मारला. चार वेळा.
कागदावर खणलेली बोडी
मी आवाजातही बुजवली,
एका बोटाने, जेसीबी न लावता.

राहिला आठवा.
मुलाखत संपली, दांडकं खाली जात होतं,
तेव्हा ती कॅमेऱ्यामागच्या पोराला म्हणाली,
"रांडलेका, उन्हाचा आलास, पानी तं पी."
सरांना शॉट गोड वाटला. शेवटी ठेवू म्हणाले.
तेवढा शब्द नको.

अठरा फ्रेम. मी मोजला.
आमच्याकडे या शब्दाने पोरांना झोपेतून उठवतात.
दहावी निघालो तेव्हा तिने हाच शब्द
साखरेच्या चिमटीबरोबर माझ्या तोंडात घातला होता.
हे खालच्या पट्टीवर लिहिता आलं असतं,
पण तिथे सोन्याचा भाव धावत होता.

टूं. उन्हाचा आलास, पानी तं पी.

रविवारी गावी गेलो.
नेवारेच्या सलूनात पोरं मोबाइलवर तेच बघत होती,
एकमेकांना टूं देत होती.
एकाने दुसऱ्याच्या मायवर टूं दिला
तर वस्तऱ्याच्या खुर्चीपर्यंत मारामारी.
म्हणजे शब्द काढला तरी लागतो.

मोठमायने विचारलं,
"मी बोलली तवा मंधात काई वरडलं का रे?
टिटवी तं नाई?"
मी म्हटलं, मशीनचा आवाज.
"आन बोडी? बोडी तं म्हनली मी. चार बार म्हनली."
ती ऐकू नाही आली.
तिने तपकिरीची डबी उघडली,
काही न घेता बंद केली.
"पुढच्या बारीनं नीट म्हनीन," म्हणाली,
जणू तिच्याच गळ्यात काही अडकलं होतं.

संध्याकाळी झिंग्यांची भाजी.
विकतचे झिंगे, बोडीत कुठून येणार.
तिने चुलीपासून हाक मारली, भर आवाजात, अख्खी:
"रांडलेका, जेवाले ये!"

मी ओट्यावर बसलो होतो.
उजव्या हाताचं बोट
मांडीवर दाबलं गेलं आपोआप,
आणि बरोब्बर वेळेवर उचललं.