टाकी

वाळूजच्या प्रयोगशाळेत वीज जाते,
जनरेटर सुरू व्हायला अकरा सेकंद.
तेवढ्यात अतीक म्हणतो, "गया सँपल."
सत्ताविसावा.

अठ्ठाविसावा पूर्ण ओढता आला.
यंत्राने दोन्ही टोकं ताणली
आणि खरं सांगायचं तर तो तुटला नाही,
सुटला.
सूक्ष्मदर्शकाखाली काळे तंतू उघडे, स्वच्छ,
रेझिनमध्ये त्यांच्या जागी भोकं,
शेंगेच्या टरफलात दाण्याची जागा राहते तशी.
पोलादाला भारी असा तंतू.
पण कुणी कुणाला धरलंच नव्हतं.

तौर सर म्हणाले, पृष्ठभाग फार गुळगुळीत आहे.
आणि मला परतूरच्या बाजारतळावरची
दुर्गव्वा मावशी दिसली,
पुढ्यात आडवा पाटा, हातात टाकी आणि हातोडी.
"गुळगुळीत पाट्यावर मिरची नुसती घसरती गं,
वाटली जात न्हाई."
टक्. टक्. टक्.
एकमेकाला न शिवणारे तिरकस ठिपके,
कच जाऊ नये म्हणून अर्धे मिटलेले डोळे.
पाट्याला पाच रुपये, वर एखादी भाकर.

म्हणून तंतूंना टाकी लावली.
नायट्रिक आम्ल, नव्वद अंश, दोन तास.
चिकटले. इतके, की ताण येताच
तंतूच मधोमध मोडला.
मावशीच्या हातूनही एकदा पाटा दुभंगला होता.
पैसे न घेता ती उठली,
संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही.
मी वहीत लिहिलं : वेळ जास्त.

मग वीस मिनिटं.
धुतले, धुतले, पाणी निवळेपर्यंत धुतले,
वाळवून दिला एक पातळ लेप,
एका हाताने कार्बनला धरणारा,
दुसऱ्याने रेझिनला.
सर त्याला सायझिंग म्हणतात.
अतीक म्हणतो, बिचौलिया,
आणि स्वतःच हसतो.

एकतिसावा शुक्रवारी ओढला.
रेघ चढत राहिली, चढत राहिली,
जेवणाचे डबे उघडायचे राहिले.
तुटला तेव्हा खाडकन आवाज झाला.
टोकाशी तंतूंना रेझिनचे कण
अजून बिलगलेले.

अहवालात एक रकाना असतो : पद्धतीचा आधार.
दोन जर्मन शोधनिबंध लिहिले.
तिसऱ्या ओळीवर पेन टेकवलं.
काय लिहायचं ते सुचेना,
शाईचा एक ठिपका पडला.
पुसला नाही.