एक पॉइंट तीन

चक्की बंद, देवानंदचं वेल्डिंग बंद,
मग व्होल्टेज धरतं
आणि मी विमान उघडतो.

पंख दोन वर्षं नीट वाकत नव्हते.
भरल्या कावडीचा बांबू वाकतो, तसे हवे होते.
चाकाचा दांडा जमेना, तेव्हा
ट्रॉलीच्या जॅकसमोर उकिडवा बसून राहिलो
अख्खी एक दुपार.

मी विमानात बसलेलो नाही.
नागपूरला जाणारी इथूनच खाली यायला लागतात.
पोटाखालचा लाल दिवा: लुक, लुक,
तुरीआड गेला.

पुढच्या चाकाच्या झाकणावर, आतून,
तांदळाएवढ्या अक्षरांत लिहिलं:
मोहोड वेल्डिंग वर्क्स, कारंजा रोड, धनज.
आणि दिलं सोडून.
आठवड्यात चारशे बारा जणांनी घेतलं.
फिनलंडचा एक जण रोज बर्फात उतरवतो.
झाकण उघडतं,
धनज बर्फावरून जातं,
मिटतं.

देवानंद रात्री पाणी प्यायला उठला.
"पैसे किती भेटले?"
"काई नाई."
तो वाकून पाहत राहिला, तांब्या हातातच.
मला वाटलं, आता नावाबद्दल बोलेल.
"डाव्या पायाचा जोड तिरपा हाय," म्हणाला,
"कोणाच्या तरी हातून मोडन."

मोठं करून पाहिलं. होता. दीड अंशानं.

पहाटे, चक्की सुरू व्हायच्या आत, नवी फाईल चढवली.
काय बदललं, या रकान्यात:
डाव्या चाकाचा जोड.
तपासणी, देवानंद मोहोड.