तीन बोटं

महापेच्या चौथ्या मजल्यावर, एसीच्या थेट खाली,
मला मोकल सरांचा कोड मिळाला.
चौदा हजार ओळी. पाणीपट्टीची बिलं.
आणि प्रत्येक पायरी डावीकडून तीन स्पेस आत.

दोन नाही, चार नाही.
दोनवाले मी पाहिलेत: काटकसरी,
त्यांच्या डब्यातही पोळ्या दोनच.
चारवाले पुस्तकी. टॅबवाले वेगळ्याच पंगतीचे,
किती आत ते ज्याने त्याने ठरवावं म्हणणारे.
आमचा रंगनाथन तर महिरपी कंस त्याच ओळीवर की पुढच्या
यावरून जेवणावरून उठला होता एकदा,
डबा तसाच उघडा.
पण तीन?
तीन कोण ठेवतं?

मी विचारलं होतं त्यांना, शेवटच्या आठवड्यात,
गेटबाहेरच्या टपरीवर.
हरेश्वर मोकल, घणसोली गावातले,
चहाकडे बघत बोलायचे, उत्तर ग्लासात असल्यासारखे.

   "बापाचं मिठागर होतं. भरतीचं पाणी आधी मोठ्या कोंडीत घ्यायचं,
      तिथून दुसरीत, तीन बोटं खाली,
         तिथून तिसरीत, आणखी तीन बोटं.
         दोन ठेवली तर पाणी हलत नाही,
         चार ठेवली तर धावतं, बांध खातं.
      बाप हात आडवा धरून मोजायचा.
   मी कीबोर्डवर तेच केलं. दुसरं येत नव्हतं."

मग नवी लीड आली, धनश्री वर्तक.
तिने फॉरमॅटर आणला. सगळ्यांना चार,
ओळ शंभर अक्षरांच्या आत, शेपटाकडची मोकळी जागा साफ.
वाद संपले. खरंच संपले, माझी तक्रार नाही:
रंगनाथन आता पूर्ण डबा खातो.
माझी फाइल तेवढी उरली होती.

शुक्रवारी सरांना फोन केला.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर त्यांची इमारत आहे आता,
मागे कुठल्या तरी भाडेकरूचा टीव्ही चालू होता.
मी अडखळत सांगितलं. सर हसले.
"चार कर गो बाय. मीठ कोन पिकवतंय आता?
आगरावर तुमच्याच कंपनीच्या गाड्या लागतात."

एक कमांड. अर्धा सेकंदही नाही.
बाहेरच्या ओळी एक घर उजवीकडे सरकल्या,
आतल्या दोन, त्याहून आतल्या तीन.
चाचण्या सगळ्या हिरव्या. कुणाच्या बिलाचा पैसा हलला नाही,
एक अक्षर बदललं नाही, बदलली ती कोरी जागा,
आणि डावीकडच्या इतिहासाच्या पट्टीत
जिथे मोकल, २००८, मोकल, २०११ असं होतं
तिथे माझं नाव, आजची तारीख,
वरपासून खालपर्यंत.
थकबाकीवरच्या व्याजाचा तो अवघड हिशोबसुद्धा
आता मीच लिहिलाय.
(जुनी नावं परत दाखवायची सोय असते, मला माहीत आहे.
सोमवारी करीन.)

साडेआठची बस गेली. मी खाली सरकत राहिले.
ओळ दोन हजार सातशे नऊ: एक लांबलचक टिपण.
टिपणाच्या आत फॉरमॅटर शिरत नाही,
जसं असेल तसं सोडून पुढे जातो.
तिथे दरांचा तक्ता, एकेक आकडा हाताने आकड्याखाली बसवलेला,
आणि त्याच्या तळाशी, रोमन अक्षरांतल्या मराठीत:

   इथे हात लावू नये.
      पाणी बरोबर उतरतंय.

मी बोटं आडवी करून स्क्रीनवर धरली.
तीन पुरली नाहीत.
माझी बोटं बारीक आहेत.