जवारी

सांगलीच्या शनिवारच्या बाजारात
जुनी कुलपं आणि घड्याळांचे पट्टे यांच्या मधोमध पडलं होतं.
काळं, एबोनाइटचं,
टोपणावर कुणाचे तरी दात उमटलेले.
साठ म्हणाला. पन्नासला घेतलं.
मिरजेला घरी येऊन शाई भरली तेव्हा कळलं,
निब वाकते.

वाकते म्हणजे मोडकी नव्हे.
काना ओढताना दाबलं की तिचे दोन पाय फाकतात,
शाई भरून येते, रेघ जाड होते,
हात हलका केला की पाय पुन्हा जुळतात.
शिरोरेषा मात्र केसाएवढी.
ज्यांनी ही घडवली त्यांची अक्षरं उजवीकडे कलून चालतात,
आपली दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबतात.
तरी जमत गेलं.

मी प्रमाणपत्रांवर नावं लिहिते.
नावाला तीन रुपये. जोडाक्षराचे वेगळे नाहीत.
मार्चमध्ये, एकशे बाराव्या कागदावर,
‘उत्तेजनार्थ’ मधल्या शेवटच्या अक्षराचा काना
मी जरा जास्तच दाबला.
कुणावर तरी चिडले होते. कुणावर, आठवत नाही.
आठवतं.
निबेचा एक पाय फाकला तो परत आलाच नाही.

मग प्रत्येक काना दुभंगू लागला,
कडांना दोन बारीक रेघा, मध्ये कोरा कागद.
रूळच की!
आमच्या स्टेशनात एके काळी तीन मापांचे रूळ होते,
हे चौथं माप माझ्या टेबलावर.

भिंग लावलं. नखाने पाय दाबून बसवला.
पॉलिशच्या कागदावर इंग्रजी आठचा आकडा काढत
रात्री दीडपर्यंत घासत राहिले.
निब इतकी गुळगुळीत झाली
की ओल्या फरशीवरून घसरावी तशी कागदावरून जायची
आणि मागे काहीच नाही. मुकी.

पेनवाल्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
म्हणून गेले सतारमेकर गल्लीत, दिलावरचाचांकडे.
ते तंबोऱ्याची घोडी घासत बसले होते.
पेन घेतलं, माझ्या लाइटबिलाच्या पाठीवर रेघ ओढली
आणि कान कागदाजवळ नेला.
डोळे नाही, कान.
“बंद झालीय,” म्हणाले. “लई पुसलीत तुम्ही.
जवारीचा आरसा केला तर तार बोलत नाही.
थोडं खरबरीत ठेवायचं.
आवाज उभा राहणार कशावर?”

घासलं, ऐकलं. घासलं, ऐकलं.
दारातून एक टेम्पो गेला तेव्हा तेवढं थांबले.
तारेखाली सरकवतात तो सुती दोरा,
ज्याला हे लोक जीव म्हणतात,
शाईत बुडवून चिरेतून एकदाच ओढला.
वाकडा पाय पुरता सरळ केला नाही.
“याच्यापुढं नेला तर तुटंल. बाकीचं हातानं सांभाळा.”

मी ‘हळद’ लिहून पाहिलं.
ळ च्या दुसऱ्या पोटात शाई जरा जास्त साचली,
द च्या शेपटीशी रूळ दिसला आणि मिटला.
चाचा म्हणाले, चालंल.

पैसे घेईनात. एक चिठ्ठी पुढे सरकवली.
नाव, गाव, साल, लाकूड कुठलं,
भोपळ्याच्या आतून चिकटवायची,
तबली बसायच्या आधी.
कोण वाचणार, असं मी विचारलं नाही.
श्वास धरून लिहिलं.
एकही काना दुभंगला नाही.
चाचांनी फुंकर मारली, खळ लावली,
भोपळ्यात कोपरापर्यंत हात घातला,
आणि आठवड्याने वर तबली बसली.

आता तो तंबोरा धारवाडला असेल, नाहीतर कुठे तरी.
कुणी षड्ज लावला की आत, अंधारात,
माझं आजवरचं सगळ्यात चांगलं अक्षर
थरथरत असेल.

परवा बँकेत एकाने सहीपुरतं पेन मागितलं.
मी पर्समधून बॉलपेन काढून दिलं.